चेरीच्या बागेतले ससे आणि घरातली पहिली रायफल

प्रिय बागायतदार,

तुमचं पत्र लांबलचक आहे, पण त्यातला एकही तपशील वाया गेलेला नाही. म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी त्याचा गोषवारा देते. तुम्ही मूळचे कराडचे. न्यूझीलंडमध्ये येऊन बरीच वर्षं झाली आणि आता सेंट्रल ओटागोत क्लाइडजवळ चार हेक्टर जमीन घेऊन तुम्ही दोघा नवराबायकोंनी चेरी लावली आहे. गेल्या हिवाळ्यात सशांनी कोवळ्या झाडांची साल बुंध्याशी गोल कुरतडली आणि दोन ओळी उभ्या वाळल्या. आता रायफल घ्यायची आहे. शेजारचे मेंढ्यावाले म्हणतात .२२३ची रायफल घे, ससा, बकरा, हरीण सगळं एकीतच होईल. फळं भरायच्या पॅकहाउसमधला मित्र .१७ एचएमआर या काडतुसाच्या प्रेमात आहे. दुकानातल्या मुलाने हातात सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, .२२ ठेवली. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, बायकोला बंदुकीची धास्ती आहे, डिसेंबरात वडील येणार आहेत आणि गावाकडे त्यांच्याकडे बारा बोर होती. आणि आई फोनवर म्हणाली, ‘आपल्या घरात हे कधी नव्हतं रे.’

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. बोल्ट-ॲक्शनची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे ओढायची, .२२ लाँग रायफल घ्या, म्हणजे या सगळ्यांत सर्वांत लहान आणि सर्वांत साधी. तिच्यात सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगाखाली राहणारी, पोकळ टोकाच्या गोळीची काडतुसं वापरा. नळीला सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, लावा. इथे तो कायदेशीर आहे आणि सर्रास वापरतात. हरणाचा विषय या खरेदीतून पूर्ण बाजूला काढा. तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही ही गोळी काय काय मारू शकेल हे सांगितलं. चुकलेली किंवा सशातून आरपार गेलेली गोळी कुठे जाऊन थांबेल, हे कोणीच विचारलं नाही. तुमच्या चार हेक्टरवर निवड त्याच प्रश्नाने करायची आहे.

आकड्यांनी तुमचा गोंधळ झालाय आणि तो होणारच. .२२ काय आणि .२२३ काय, दोन्ही आकडे इंचातले आणि दोन्ही गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखी, साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर. फरक आहे तो मागच्या दारूत. .२२ लाँग रायफलची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची. सबसॉनिक काडतुसातून ती सेकंदाला साधारण ३२० मीटर वेगाने निघते आणि तिच्यात १३० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. .२२३ची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या वर जाते आणि सुमारे १,७०० ज्यूल घेऊन निघते. तेरा पट! दीड-दोन किलोच्या सशासाठी एवढं बळ लागत नाही, खायचा असेल तर मांसही हाती उरत नाही, आणि आवाज एवढा की पहिल्या गोळीनंतर बाकीचे ससे बिळात आणि शेजारी फोनवर. शेजारच्या मेंढ्यावाल्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे डोंगरउतारावरची मोठी मोकळी रानं आहेत, ते दोनशे मीटरवरून मारतात आणि मागे नुसता डोंगर असतो. त्यांच्या जमिनीला .२२३ शोभते. तुमच्या नाही.

तुम्ही हाताने काढलेला नकाशा मी दोनदा पाहिला. एका कुंपणाबाहेरून ओटागो सेंट्रल रेल ट्रेल जातो, म्हणजे उन्हाळ्यात दिवसभर सायकलवाले. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं घर, तुमच्याच अंदाजाने १८० मीटरवर. खालच्या अंगाला पाणी साठवायचं तळं. आणि वरच्या अंगाला चढ, त्यावर शिस्टचे उघडे खडक. गोळी झाडायला तुमच्याकडे खरं तर एकच दिशा आहे: खालून वर, चढाच्या मातीकडे, आणि तीही खडक टाळून. .२२ची शिशाची गोळी हळू आणि घट्ट असते. ती दगडावर, कडक वाळलेल्या जमिनीवर किंवा पाण्यावर तिरकी लागली तर फुटत नाही, उसळते, आणि उसळल्यावर कुठे जाईल याचा नेम नाही. हवेत मोकळी सुटली तर हीच छोटी गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून तळ्याच्या बांधावर बसलेला ससा कितीही सोपा वाटला तरी सोडायचा. खडकाच्या माथ्यावर, मागे आभाळ घेऊन बसलेला ससाही सोडायचा. चेरीच्या ओळींमधल्या ताणलेल्या तारा, लाकडी खांब आणि ठिबकच्या नळ्या हा आणखी वेगळा विषय. दुर्बिणीतून लांबची वस्तू स्वच्छ दिसते, पण नळीच्या समोर हातभरावर असलेली तार दिसत नाही, कारण दुर्बीण नळीच्या तीन-चार सेंटिमीटर वर बसलेली असते.

वापर सुरू होण्याआधी एक काम करा. संध्याकाळी ससे जिथे जिथे निघतात तिथे तिथे काठ्या रोवा, आणि तुम्ही जिथून मारणार आहात तिथून प्रत्येक काठीपर्यंतचं अंतर मोजा. माझा अंदाज, एकही काठी ७० मीटरच्या पुढे जाणार नाही. एवढ्या अंतराला .२२ लाँग रायफल पुरून उरते. ५० मीटरवर नेम जुळवला की सबसॉनिक गोळी ७५ मीटरवर सात-आठ सेंटिमीटर खाली येते आणि १०० मीटरवर वीसहून अधिक. म्हणजे ६० मीटरपर्यंत जवळजवळ सरळ धरून मारता येतं. त्यापुढे अंदाज सुरू होतो आणि अंदाजाने जनावर जखमी होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते ५० मीटर रायफल प्रकारात, आणि त्या प्रकारात चालतं ते हेच .२२ लाँग रायफलचं काडतूस. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. लहान कॅलिबर म्हणजे कच्चा कारभार, असं कोणी सांगितलं तर हे त्यांना जरूर सांगा.

तुमचं वर्तुळ जरा मोठं चालेल. कागदावर दोन डॉलरचं नाणं ठेवून पेन्सिलीने गिरवा. सव्वीस-साडेसव्वीस मिलिमीटरचा हा गोल म्हणजे सशाच्या डोळ्याकानामधली, गोळी लागताच तो जागीच मरतो अशी जागा. रेंजवरच्या टेबलावरून नाही, तर तुम्ही बागेत जसे बसणार तसे, मांडी घालून किंवा काठीचा आधार घेऊन, पाच गोळ्या मारा. पाचही त्या गोलात बसल्या, ते तुमचं अंतर. ४० मीटरवर बसत असतील आणि ५० वर चार बसून एक बाहेर जात असेल, तर तुमचं अंतर ४० मीटर. रायफलचं कितीही असो.

आता .१७ एचएमआर. हे काडतूस २००२मध्ये होर्नाडी कंपनीने आणलं, .२२ मॅग्नमच्या नळकांड्याचं तोंड आवळून. १७ ग्रेनची, म्हणजे १.१ ग्रॅमची इवलीशी गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास निघते, सव्वाशे मीटरपर्यंत जवळजवळ सरळ जाते आणि जमिनीवर आदळली की बहुतेकदा फुटून जाते, त्यामुळे उसळण्याचा धोका .२२पेक्षा कमी. ही त्याची खरी जमेची बाजू आहे आणि तुमच्या खडकांमुळे मी तिचा गंभीरपणे विचार केला. शेवटी दोन गोष्टींनी पारडं फिरलं. पहिली गोष्ट आवाज: गोळी ध्वनीच्या दुपटीहून वेगाने जाते, त्यामुळे सप्रेसर लावला तरी हवेतला कडाका तसाच राहतो. १८० मीटरवरच्या शेजाऱ्यासाठी आणि पुढच्या सशासाठी हा फरक मोठा आहे. सबसॉनिक .२२ सप्रेसरमधून निघते तेव्हा बरेचदा गोळी सशावर आदळल्याचाच आवाज तेवढा ऐकू येतो, आणि दोन मीटरवरचा दुसरा ससा नुसती मान वर करतो. दुसरी गोष्ट काडतुसाची किंमत. .१७चं काडतूस .२२पेक्षा बरंच महाग, म्हणजे सराव कमी होणार. नवशिक्याला सराव कमी होणं परवडत नाही. पुढे कधी मोठी जागा घेतलीत, जिथे शंभर-सव्वाशे मीटरवरून मारावं लागतं, तर .१७ खुशाल घ्या. चांगलं काडतूस आहे. .२२ मॅग्नमही याच मधल्या पायरीवरचं, १९५९चं, पॉसम आणि सशांसाठी तगडं. पण आवाजाचं आणि किमतीचं तेच, म्हणून ते बाजूला ठेवते.

सेमी-ऑटोमॅटिकबद्दल. क्राइस्टचर्चच्या २०१९च्या हत्याकांडानंतर इथे बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. रिमफायर, म्हणजे तळाच्या काठावर ठोका बसून पेटणाऱ्या छोट्या काडतुसाच्या, .२२ला दहापर्यंत गोळ्यांच्या मॅगझिनसह मोकळीक राहिली, म्हणून दुकानात ती दिसते. रूगर १०/२२ तर १९६४पासून शेतकऱ्यांच्या घराघरात आहे. तरीही पहिली रायफल बोल्टचीच घ्या. सबसॉनिक काडतुसात दम कमी असल्यामुळे काही सेमी-ऑटोमध्ये ती अडकतात. आणि पहिली गोळी चुकली की बोट आपोआप दुसरी, तिसरी सोडतं; तोवर ससा पळत असतो आणि त्याच्यामागची जमीन बदललेली असते. बोल्ट ओढायला लागणाऱ्या त्या एका क्षणात माणूस पुन्हा बघतो. शिवाय बोल्ट काढून ठेवला की रायफल म्हणजे नुसती नळी. लहान मूल असलेल्या घरात याला मोल आहे.

कंपनी कोणती, असंही विचारलंय. चेक बनावटीची सीझेड ४५७ किंवा फिनलंडची टिक्का टी१एक्स, दोन्हींपैकी जी तुमच्या खांद्याला बसेल ती. सीझेडची नळी बदलता येते, उद्या त्याच रायफलवर .१७ची नळी चढवता येईल. बजेट कमी असेल तर जुनी, नीट जपलेली बोल्ट-ॲक्शन .२२ही बिनदिक्कत घ्या. हे काडतूस नळीला फार झिजवत नाही. मात्र दुकानात जाताना पत्नीला बरोबर न्या. दुकानदाराला विचारून रायफल हातात घ्या, बोल्ट उघडून खोबणी रिकामी असल्याचं डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मग डोळे मिटून दस्ता खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं, कडेला काळी सावली नाही, तर दस्ता मापात आहे. मान वाकवावी लागली किंवा चेहरा पुढे ढकलावा लागला, तर ती रायफल कितीही नावाजलेली असली तरी ठेवून द्या. बायकांना आणि ठेंगण्या माणसांना दस्ता बहुतेकदा लांब पडतो. उरलेले पैसे दुर्बिणीत घाला. चार पट मोठं दाखवणारी, रिमफायरसाठी ५० मीटरच्या सुमारास पॅरालॅक्स जुळवलेली, म्हणजे त्या अंतरावर डोळा हलला तरी नेम न सरकणारी, दुर्बीण हवी. मोठ्या रायफलीची दुर्बीण बहुधा शंभर यार्डाला जुळवलेली असते, आणि ३० मीटरवर डोळा जरा हलला की तिच्यात नेम सरकतो.

काडतुसं मात्र पहिल्याच दिवशी पाचशेचा गठ्ठा घेऊ नका. .२२ लाँग रायफल काडतुसाच्या बाबतीत फार चोखंदळ असते. एकाच कारखान्यातून एकापाठोपाठ निघालेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळी काडतुसं मानवतात. तीन-चार कंपन्यांच्या सबसॉनिकची पन्नास-पन्नासची एकेक डबी घ्या, वारा पडलेल्या सकाळी प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांचे गट ५० मीटरवर काढा, जो गट सर्वांत दाट येईल ती काडतुसं ठरवा आणि मगच गठ्ठा घ्या. काडतूस बदललं की नेम नव्याने जुळवायचा. वाऱ्याचं म्हणाल तर तुमच्याकडचा नॉर्वेस्टर, म्हणजे वायव्येचा जोराचा वारा, सुटला असेल त्या संध्याकाळी रायफल बाहेर काढूच नका. हलकी गोळी आहे, ७० मीटरवर ती दोन-तीन बोटं सहज बाजूला जाते, आणि तुमचा गोल दीड बोटाचा आहे.

हरणाविषयी मी काहीशी कठोर होते, कारण ‘एकीत सगळं’ या मोहापायी बरीच जनावरं जखमी होऊन झाडीत मरतात. .२२ लाँग रायफल हरणावर किंवा बकऱ्यावर कधीही चालवू नका, कितीही जवळ असलं तरी. .२२३ बकऱ्याला, वॉलबीला योग्य आहे. लाल हरणासाठी ती नवशिक्याच्या हातात नको. दोन-तीन हिवाळे सशांवर हात बसू द्या. मग अनुभवी शिकाऱ्याबरोबर, संवर्धन खात्याचा म्हणजे डॉकचा परवाना काढून, सार्वजनिक जंगलात एक-दोनदा नुसते बघायला जा. त्यानंतर हरणाची रायफल कोणती हे विचारणारं पत्र लिहा, आनंदाने उत्तर देईन.

आता घर. परवान्याचा अर्ज फायरआर्म्स सेफ्टी ऑथॉरिटी या सरकारी संस्थेकडे करायचा, तिचं माओरी नाव ‘ते तारी पूरेके’. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष हाताळणीचा वर्ग, ओळखीच्या लोकांच्या साक्षी, घरातल्या तिजोरीची पाहणी, आणि तुमच्या जोडीदाराशी स्वतंत्र बोलणं, हे सगळं होतं. पहिला परवाना पाच वर्षांचा, पुढचा दहा वर्षांचा. २०२३च्या जूनपासून शस्त्रनोंदणीही सुरू आहे, तेव्हा रायफल घेतली की तिची नोंद ठरलेल्या मुदतीत करायची. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी त्यांच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूर वाचा. पत्नीचं बोलणं घेतात ते केवळ उपचार म्हणून नाही. तिची भीती तिने तिथे मोकळेपणी सांगावी, आणि त्याआधी तुम्हाला सांगावी. माझं मत विचाराल तर दोघांनीही परवाना काढा. कारण तिजोरीची किल्ली परवाना नसलेल्या कोणाच्याही हाती लागता कामा नये. तिचा परवाना नसेल तर त्या ‘कोणाच्याही’मध्ये तीही येते, आणि एकाच घरात असं कुलूप सांभाळणं अवघड जातं.

रायफल भिंतीला पक्की ठोकलेल्या पोलादी तिजोरीत, तिचा बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. किल्ली खिशात, कपाटाच्या वर नाही. आठ वर्षांच्या मुलीला कपाटाच्या वर काय आहे हे तुमच्याआधी माहीत असतं. आणि तिच्यापासून लपवाछपवी करू नका. एकदा बोल्ट काढलेली रायफल तिच्यासमोर टेबलावर ठेवा, ती काय करते हे साध्या शब्दांत सांगा, तिला हवं ते विचारू द्या. दुसऱ्या घरी कधी बंदूक दिसली तर हात न लावता तिथून निघून मोठ्या माणसाला सांगायचं, एवढं तिच्याकडून पाठ करून घ्या.

वडिलांचा अनुभव मोलाचा आहे, पण तो वेगळ्या हत्याराचा आहे हे त्यांना आदराने सांगावं लागेल. गावाकडे पीकरक्षणासाठी ठासणीची किंवा गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. .२२ रायफलला १९५९च्या शस्त्र कायद्यात स्थान आहे ते मुख्यतः रायफल क्लबच्या सभासदांच्या नेमबाजीच्या सरावासाठी, आणि शिकारीला तर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे. बारा बोरचे बारीक छर्रे काही शे मीटरवर दम तोडतात, म्हणून पळत्या जनावरावर झोकून मारायची सवय लागते. रायफलीने पळत्या सशावर कधीच मारायचं नाही. वडिलांकडे इथला परवाना नसेल, तर ते तुमच्या थेट देखरेखीखालीच ती हाताळू शकतात: तुम्ही हाताच्या अंतरावर, कधीही रायफल ताब्यात घेता येईल असे, आणि त्या वेळी तुमच्या हातात दुसरी बंदूक नाही. ‘बाबा, तुम्ही मारा, मी आत चहा टाकतो’ हे चालणार नाही.

पण नुसत्या रायफलीने तुमची चेरी वाचणार नाही, हे मला सगळ्यात ठामपणे सांगायचंय. सशीण तीस दिवसांत विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. ओटागोत १८७६पासून सशांविरुद्ध कायदे झाले, विष झालं, १९९७मध्ये काही शेतकऱ्यांनी सशांच्या रोगाचा विषाणू बेकायदा आणून सोडला, २०१८मध्ये सरकारने त्याचा नवा प्रकार रीतसर सोडला, ॲलेक्झांड्राला ईस्टरच्या शिकारस्पर्धेत एका दिवसात हजारो ससे पडतात, आणि ससे अजून आहेत. ओटागो रीजनल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे जमिनीवरचे ससे मॅक्लीन मोजपट्टीच्या, म्हणजे सशांची दाटी मोजायच्या पट्टीच्या, तिसऱ्या पातळीच्या वर जाऊ न देणं ही जमीनमालकाची जबाबदारी आहे, म्हणजे तुमची. म्हणून पहिला पैसा सशाच्या जाळीत घाला: बारीक भोकांची जाळी, तिचा खालचा काठ बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीत गाडलेला, फाटकाखाली फट नाही. प्रत्येक कोवळ्या बुंध्याला संरक्षक नळी. आतली झुडपं, लाकडांचे ढीग काढा, बिळं खणून बुजवा. कुंपण बंद झालं की आत अडकलेले राहतील तेवढे ससे रायफलीने संपवता येतात. कुंपणाशिवाय तुम्ही शेजाऱ्याचे ससे मारत बसाल. घराला अगदी लागून, पंचवीस-तीस मीटरच्या आत येणाऱ्या सशासाठी चांगली एअर रायफलही पुरते. साधी एअर रायफल अठरा वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय ठेवता येते.

वेळ हिवाळ्याची. जून-जुलैत चारा कमी असतो, ससे उघड्यावर येतात, आणि मुख्य म्हणजे बिळात पिल्लं फारशी नसतात. वसंतात दूध पाजणारी सशीण मारली की बिळातली पिल्लं उपाशी मरतात, आणि ते तुम्हाला दिसत नाही एवढंच.

इथे तुमच्या आईंकडे येते. हे ससे उपद्रवी आहेत, परके आहेत, म्हणून त्यांना मारण्यात काही नाही, असं त्यांना सांगू नका. त्यांना ते पटणार नाही आणि ते खरंही नाही. हे युरोपातले ससे एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी आणले, मग ते आवरत नाहीत म्हणून स्टोट आणि फेरेट हे मुंगसासारखे शिकारी प्राणी आणले, आणि त्यांनी इथले जमिनीवर घरटी करणारे पक्षी खाल्ले. यात सशाचा काय दोष? आईंना एवढंच सांगा, की ससे आवरले नाहीत तर झाडं राहणार नाहीत, कायद्यानेही ते आवरावेच लागतात, विषाने ससा काही दिवस तडफडतो आणि नीट मारलेल्या गोळीने त्याला कळायच्या आत संपतो. आणि त्यासाठी तुम्ही नाण्यात पाच गोळ्या बसवायला शिकताय. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या, तुम्हालाही पहिल्या सशाला वाटेल. मांस खाणार असाल तर शेजाऱ्याने पिंडोनचं किंवा दुसरं विष टाकलं आहे का हे आधी विचारा, टाकलं असेल तर तो ससा घरात नको आणि कुत्र्यालाही नको. गोळीच्या वाटेभोवतीचं मांस शिशाच्या कणांसाठी कापून टाका; लहान मुलीच्या ताटात ते जाऊ नये.

एक गोष्ट पहिले काही हंगाम अजिबात नको, ती म्हणजे रात्री प्रखर दिवा मारून शिकार. २०१०मध्ये तुरांगीजवळच्या एका कॅम्पिंगच्या जागेवर एक तरुण शिक्षिका डोक्याला टॉर्च लावून दात घासत होती. दिवा मारत फिरणाऱ्या शिकाऱ्याला तिच्या टॉर्चचा उजेड हरणाचे डोळे वाटला. ती गेली. इथल्या सात सुरक्षा नियमांमध्ये ‘लक्ष्य निःसंशय ओळखा’ आणि ‘गोळीच्या वाटेवर काय आहे ते पाहा’ हे दोन नियम वेगळे सांगितले आहेत. तुमच्या कुंपणाबाहेर रेल ट्रेल आहे, तिथे संध्याकाळी उशिरा येणाऱ्या सायकलींना दिवे असतात. सूर्य मावळण्याआधीचा तास तुमच्यासाठी पुरेसा आहे. सशांची बाहेर पडायची वेळही तीच.

परवान्याला वेळ लागतो, तेव्हा अर्ज या आठवड्यात भरा आणि तोवर जाळी आणि नळ्या बसवून घ्या. क्लाइड-ॲलेक्झांड्राच्या आसपास रायफल क्लब आहेत, तिथे दोघेही जाऊन शिकणाऱ्यांचे दिवस विचारा. क्लबच्या रेंजवर त्यांच्या देखरेखीखाली परवान्याआधीही .२२ हाताळायला मिळते. घराजवळ किंवा सार्वजनिक वाटेजवळ लोकांना धोका किंवा भीती वाटेल अशा तऱ्हेने गोळी झाडणं हा गुन्हा आहे, म्हणून हंगाम सुरू होण्याआधी १८० मीटरवरच्या शेजाऱ्याकडे स्वतः जा, नकाशा दाखवा, कोणत्या दिशेला आणि किती वाजता मारणार ते सांगा, आणि त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवा. त्यांची नातवंडं सुट्टीत येतात असं तुम्ही लिहिलंय. ती आली की त्यांनी फोन करायचा आणि तेवढे दिवस रायफल तिजोरीतच राहील, हे त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या.